एकशे ऐंशी ग्रॅमची तफावत

आप्पांच्या नावापुढे नारिंगी ठिपका उमटला तेव्हा आई जाऊन तीन महिने आणि चार दिवस झाले होते. सोमवारची सकाळ होती. मी कोठीत बसून आठवड्याची ज्वारी किती काढायची ते पाहत होते. पडद्यावर त्रेसष्ट नावं होती आणि प्रत्येक नावापुढे हिरवा ठिपका. रोजचंच असल्यामुळे मी त्या रांगेकडे नीट पाहतही नसे. त्या दिवशी एक ठिपका वेगळा होता. शिंत्रे मल्लिकार्जुन, घर क्रमांक अकरा. मी त्यावर बोट ठेवलं. खाली एक ओळ आली: दुपारच्या जेवणात एकतीस टक्के घट, तपासणी करून घ्यावी.

मी पडदा बंद करून पुन्हा सुरू केला. ठिपका जागेवरच होता.

मिरजेपासून सात किलोमीटरवर, बंद पडलेल्या सूतगिरणीच्या माळावर आमची सव्वीस घरं आहेत. सगळे त्याला गिरणीमाळ म्हणतात. घर ज्याचं त्याचं, स्वयंपाकघर सगळ्यांचं. दुपारी अकरा ते चार घरगुती विजेचा दर तिप्पट झाला त्या वर्षी हे सुरू झालं. गिरणीच्या गोदामात पूर्वी कापसाच्या गाठी रचलेल्या असत, तिथे आता बावीस टेबलं आहेत. रोज दोन घरांची स्वयंपाकाची पाळी असते आणि बाकीच्यांनी बारा वाजता येऊन जेवायचं असतं. आई-आप्पा अकरा नंबरात राहायचे, मी बारा नंबरात एकटी.

पहिली दोन वर्षं खर्च माणशी सारखा वाटला जायचा, आणि त्यावरून फार कटकटी व्हायच्या. अर्धी भाकरी खाणाऱ्यांना कोळेकर मास्तरांच्या चार भाकऱ्या डोळ्यांत यायच्या. मास्तर निवृत्त शिक्षक. ते म्हणायचे, मी चार खातो ते खरं, पण आठ जणांची करमणूक करतो, ती वजा करा. लोक हसायचे आणि महिनाअखेरीस पुन्हा भांडायचे. शेवटी ज्याने जेवढं खाल्लं तेवढं त्याने द्यावं असं ठरलं, आणि ताटं आली.

ताटं आणायचा ठराव मी मांडला होता. माझं काम पीक-उत्पादनाचे अंदाज काढण्याचं, त्यामुळे यंत्रणा समजून घ्यायला वेळ लागला नाही. प्रत्येक ताटाच्या बुडाशी चार चिमुकले काटे असतात. ते सेकंदाला शंभर वेळा वजन घेतात. ताटात किती पडलं आणि शेवटी किती उरलं, यावरून माणूस किती जेवला ते निघतं. पैशांचा प्रश्न एवढ्यावर मिटला असता. पण ताटांमागचा मूळ शोध निराळा होता. घास उचलताना आधी बोटांचा दाब ताटावर पडतो, मग वजन कमी होतं. तो दाब, घासाचा आकार, दोन घासांमधला वेळ, यांचा आलेख काढला तर तो प्रत्येकाचा वेगळा येतो, सहीसारखा. आणि आजार शिरला की शरीर उतरायच्या किती तरी आधी हा आलेख बिघडतो. माणसाला स्वतःला काही जाणवत नसतं, त्याचे घास मात्र लहान झालेले असतात. असं झालं की कोठीत ठिपका नारिंगी होतो आणि घरच्यांच्या मोबाईलवर सूचना जाते.

अशा यंत्राने ऊठसूट ओरडून चालत नाही. उन्हाळ्यात सगळेच कमी खातात, म्हातारपणी भूक मंदावते. म्हणून ते दर रविवारी प्रत्येकाचं माप नव्याने ठरवतं. एकदम झालेला बदल त्याला खटकतो. हळूहळू झालेला बदल ते सवय म्हणून मान्य करतं. हे मीच सभेत सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. तेव्हा तो मला त्याचा गुण वाटला होता.

ताटं आली त्या दिवशी आप्पा पितळी वजनांची पेटी घेऊन गोदामात आले. त्यांनी तीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून काढली. दुकानदारांच्या तराजूखाली चिकटवलेलं लोहचुंबक ते दारातून ओळखायचे असं आई कौतुकाने सांगे. त्यांनी सत्तर ताटं एकेक करून तपासली. पाच ग्रॅम, पन्नास ग्रॅम, दोनशे ग्रॅम. दुपारी उठताना मला म्हणाले, "काटा खरा आहे. पण काटा वजन सांगतो. माल कुठे गेला ते सांगत नाही." मी म्हटलं, आप्पा, जेवणाच्या ताटातला माल कुठे जाणार. आई शेजारी उभी होती. तीही हसली.

आमच्यात दोन नियम ठिपक्याबाबत आहेत. एका वर्षी कावीळ अंगावर काढून कोणी तरी पाळी केली आणि सात जण आजारी पडले. तेव्हापासून नारिंगी ठिपक्यानंतर एकवीस दिवसांत डॉक्टरांचा कागद आला नाही, तर त्या माणसाची स्वयंपाकाची पाळी थांबते. दुसरा नियम रेहाना मुल्लांनी आणला. त्या निवृत्त परिचारिका, आमच्या आरोग्याचं सगळं त्या पाहतात. घरात मृत्यू झाला तर त्या घराच्या सूचना तीन महिने बंद ठेवायच्या, दुःखात कोण पोटभर जेवतं, असं त्या म्हणाल्या होत्या. म्हणून आप्पांचा ठिपका इतक्या उशिरा आला. यंत्र तीन महिने गप्प होतं. मग त्याने आई असतानाचं माप काढलं, आताचं माप शेजारी ठेवलं, आणि मला कळवलं.

आईला अन्ननलिकेचा कर्करोग होता. श्रावणात निदान झालं, भाद्रपदात ती गेली. ती गोदामात शेवटची जेवायला आली त्या दिवसापर्यंत तिच्या नावापुढचा ठिपका हिरवा होता.

*

मी त्या दुपारी आप्पांच्या समोर बसले. एरवी मी कोठी आवरून शेवटी जेवते. आप्पांनी एकदा वर पाहिलं. ते डावखुरे. लहानपणी त्यावरून मार खाल्लेले, त्यामुळे चारचौघांत उजव्या हाताने जेवतात आणि सावकाश जेवतात. मी घास मोजत राहिले. भाकरीचा तुकडा, आमटीत बुडवला, तोंडात. मी मनात आकडे म्हणत होते. सतरा, अठरा. बाविसाव्या घासानंतर ते पाणी प्यायले आणि मला वाटलं, घशात अडकलं.

"काय बघतीस?" ते म्हणाले.

मी ठिपक्याचं सांगितलं. त्यांनी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "मी पोटभर जेवतो."

"ताट तसं म्हणत नाही."

"मग ताटाला दवाखान्यात ने."

शेजारच्या टेबलावरून कोळेकर मास्तरांनी हे ऐकलं आणि तिथूनच सल्ला दिला, की आप्पासाहेब, पोरीचं ऐका, नाहीतर गुरुवारचं पिठलं जाईल हातचं. विजूकाकूंनी, त्यांच्या बायकोने, त्यांना कोपर मारलं.

गुरुवारची एक पाळी आईने कायमची मागून घेतली होती. हुलग्याचं पिठलं, भाकरी, भात आणि लाल मिरचीचा खर्डा. त्या दिवशी माणसं जरा लवकर यायची. आई गेल्यानंतरच्या दुसऱ्या गुरुवारी आप्पा सकाळी आठ वाजता तिचा एप्रन बांधून चुलीपाशी उभे राहिले. त्यांना आयुष्यात चहापलीकडे काही येत नव्हतं. पहिलं पिठलं गुठळ्यांचं झालं होतं आणि सगळ्यांनी ते मुकाट्याने संपवलं. आता बरं होतं. त्यांच्या आठवड्यात गुरुवार सोडून काही उरलेलं नव्हतं, हे मला दिसत होतं.

पण मला गुरुवारची चिंता नव्हती. एकतीस टक्के हा आकडा मी घेऊन फिरत होते. आंघोळ करताना, कामाच्या बैठकीत, भाजी निवडताना. आईच्या आजाराबद्दल जे जे वाचलं होतं ते पुन्हा उघडून वाचलं. रात्री त्यांच्या खोकल्याचा आवाज भिंतीतून यायचा आणि मी उठून बसायचे. सकाळी ते अंगणात दात घासताना दिसले की जिवात जीव यायचा. मी त्यांना न विचारता त्यांच्या भाकरीवर तूप वाढायला लागले. ते बाजूला सारायचे. एकदा मी ताटात तिसरी भाकरी ठेवली. ती त्यांनी उचलून परत टोपलीत ठेवली आणि म्हणाले, "मला खायला घालू नकोस." एवढंच म्हणाले आणि ताटावरून उठले. ते उठणंही मी लक्षणांत धरलं.

अकराव्या दिवशी ते दवाखान्यात यायला तयार झाले, माझ्यासाठी. आईची झाली तीच तपासणी, दुर्बिणीची. बाहेर बाकही तोच. मी एक पुस्तक नेलं होतं. दीड तासात एक पान वाचलं. त्यातलं काय वाचलं ते सांगता येणार नाही.

डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, अगदी स्वच्छ आहे. रक्त, साखर, सगळं वयाच्या मानाने उत्तम. मी घटीचा आलेख दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला, आप्पांच्या पोटावर पुन्हा हात फिरवून आले आणि म्हणाले, यंत्राचं काही तरी चुकलं असेल. कागद दिला.

त्या कागदाने गुरुवार वाचला. माझी भीती गेली नाही, उलट वाढली. आईलाही फाल्गुनात एका डॉक्टरांनी पित्त आहे म्हणून सांगितलं होतं. माणसं चुकतात हे मी पाहिलं होतं. घटीच्या बाबतीत यंत्र चुकलेलं अजून पाहिलं नव्हतं. मी आप्पांना म्हटलं, पुण्याला जाऊ, अजून एक तपासणी. ते नाही म्हणाले. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी चप्पल घातली आणि माळाच्या टोकापर्यंत चालत गेले, तासभर परत आले नाहीत.

सोळाव्या दिवशी मी कागद रेहानाताईंकडे द्यायला गेले. त्यांच्याकडे एक जाड वही आहे. दर दोन-तीन महिन्यांनी त्या प्रत्येकाचं वजन घेतात आणि ताटांवर विश्वास असूनही पेनने लिहून ठेवतात. त्यांनी कागद लावला, वहीत आप्पांचं पान काढलं आणि चष्मा वर केला.

"सुवर्णा, तुझे आप्पा घटलेत कुठे? मार्चात बहात्तर. आता त्र्याहत्तर."

"मग एकतीस टक्के कुठून आले?"

"मध्ये वाढले होते ना. जूनला शहात्तर, ऑगस्टला एकोणऐंशी. मी त्यांना म्हटलंसुद्धा, काकींच्या हातचं जरा बेतानं खा."

मी ते आकडे कागदाच्या मागे लिहून घेतले. परत येताना माळावरच्या वाटेत थांबले. मार्च ते ऑगस्ट. त्याच महिन्यांत आईचे गाल बसत गेले होते आणि ती म्हणायची, उन्हाळा सोसत नाही आता. घरात एक माणूस झिजत असताना दुसऱ्याचं सात किलो वजन कसं वाढतं?

*

कोठीत मी मागच्या वर्षीचं सगळं उघडलं. आईचं ताट मी तीन महिन्यांत उघडलं नव्हतं.

तिचा रोजचा आकडा चारशे वीस ग्रॅमच्या आसपास होता, मार्चातही आणि जुलैतही. आप्पांचा मार्चात चारशे ऐंशी, मग पाचशे, पाचशे साठ, जुलैत सहाशे साठ. दर आठवड्याला थोडं थोडं. यंत्राने दर रविवारी ते सवय म्हणून मान्य केलं होतं.

मग मला ती तफावत आठवली.

पातेल्यांखालीही काटे आहेत. पातेल्यांतून गेलेलं अन्न आणि ताटांत खाल्लेलं व उरलेलं अन्न, यांची बेरीज जुळावी लागते. मागच्या मार्चपासून ती जुळत नव्हती. आधी तीस, मग साठ, मेअखेरीस रोज एकशे ऐंशी ग्रॅमच्या आगेमागे. गंमत म्हणजे अन्न कमी पडत नव्हतं. जेवढं शिजलं त्यापेक्षा जास्त खाल्लं गेलं होतं. ते शक्य नव्हतं, म्हणून मी काट्यांचा दोष धरला. यंत्रणेत एक सोय आहे: न जुळणारा फरक सगळ्या ताटांवर सारखा वाटून टाकायचा. चौसष्ट ताटांत एकशे ऐंशी ग्रॅम म्हणजे प्रत्येकी तीन ग्रॅमही नाही. कोणाच्या पैशांत फरक पडणार नव्हता. मी ती सोय सुरू केली आणि बेरीज जुळायला लागली. त्यानंतर मी तिकडे पाहिलं नव्हतं.

आता मी जूनमधला एक दिवस घेतला आणि आईचं आणि आप्पांचं ताट एकाखाली एक लावलं. आईच्या आलेखात लहान लहान घास होते, भाताचे; तेही हळूहळू लहान होत गेलेले, म्हणून यंत्राने सवय मानलेले. मध्येच बारा वाजून एकोणीस मिनिटांनी एकशे वीस ग्रॅमची सरळ पायरी खाली. घास एवढा नसतो. आप्पांच्या आलेखात बारा वाजून एकोणीस मिनिटांनी एकशे वीस ग्रॅमची पायरी वर. मध्ये दोन सेकंद. तेवढ्यात हात या ताटावरून त्या ताटावर जातो. सहा मिनिटांनी पुन्हा एक पायरी, साठ ग्रॅमची.

मी दुसरा दिवस घेतला, तिसरा घेतला. मग थांबले.

मला हे दिसलं होतं. आलेखात नव्हे, डोळ्यांनी. मी कोठीच्या खिडकीतून रोज पाहत होते. खिडकीजवळच्या टेबलावर आई बोलता बोलता आपली भाकरी आप्पांच्या ताटात ठेवायची आणि ते वर न पाहता खायचे. मास्तर मोठ्याने म्हणायचे, आप्पासाहेब, पन्नास वर्षं झाली, अजून लग्नातले घास संपले नाहीत का? सगळं गोदाम हसायचं. मीही हसले होते. मला वाटलं होतं, माझ्या संसारात हे नव्हतं, त्यांच्यात अजून आहे.

आईने खाल्लं म्हणून एकदा आणि आप्पांनी खाल्लं म्हणून एकदा, ती दीड भाकरी यंत्राने रोज दोनदा मोजली होती.

*

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी साडेआठला स्वयंपाकघरात गेले. आप्पा मोठ्या पातेल्यात फोडणी घालत होते. पाळीतलं दुसरं घर पीठ मळायला अजून आलं नव्हतं. मी छापलेले दोन आलेख ओट्यावर ठेवले. त्यांनी ते लांबून पाहिले. आकडे समजावून सांगावे लागले नाहीत. आयुष्यभर त्यांनी असलेच कागद पाहिले होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"होळीनंतर."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"ती नको म्हणाली."

ते हुलग्याचं पीठ हळूहळू सोडत होते आणि डाव्या हाताने ढवळत होते. मी बाकीचं त्यांच्याकडून तुकड्यातुकड्याने काढून घेतलं. आधी भाकरी छातीत अडकल्यासारखी व्हायची. पित्त असेल म्हणून तिने अर्धी त्यांच्या ताटात टाकली. ठिपका आला नाही. तेव्हा तिच्या लक्षात आलं की असं करता येतं, आणि दोघांनी ते वाढवत नेलं. तिला लपवायचं नव्हतं, असं आप्पा म्हणाले. तिला फक्त स्वतः सांगायचं होतं.

"सुवीला मोबाईलवर कळायला नको, म्हणायची. मी सांगेन. गुरुवार गेला की सांगते."

"मग?"

"मग पुढचा गुरुवार यायचा."

"तीस वर्षं लोकांचे काटे पकडलेत, आप्पा."

"म्हणून तर मला ठाऊक होतं कसं करायचं ते."

पिठलं रटरटायला लागलं होतं. ते ढवळायचे थांबले नाहीत. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तिची भाकरी रोज माझ्या पोटात जात होती, सुवर्णा. मला ठिपक्याची गरज नव्हती."

निदान झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, चार-पाच महिने आधी आला असतात तर मी निराळं बोललो असतो. आम्ही दोघं त्या खोलीत शेजारी उभे होतो. ते वाक्य आप्पांनीही ऐकलं होतं. त्यांच्यावर ओरडावं असं मला वाटत होतं. शब्दही तयार होते. पण ते शब्द उच्चारले असते तर त्यांतले निम्मे माझ्याकडे परत आले असते.

"मला फरक दिसला होता," मी म्हटलं. "बेरीज जुळत नव्हती. मी तो सगळ्यांच्या ताटांवर वाटून टाकला."

त्यांनी पहिल्यांदा पलटा बाजूला ठेवला.

"किती येत होता?"

"एकशे ऐंशी."

त्यांनी मनात हिशेब केला. त्यांचे ओठ हलले. "दीड भाकरी," ते म्हणाले. "बरोबर आहे." आणि मग डोळ्यांना एप्रन लावला. धूर नव्हता. आमच्याकडे विजेच्या चुली आहेत.

*

महिन्याच्या सभेत मी सगळं सांगितलं, नावांसकट. आप्पांना आधी विचारलं होतं. ते पहिल्या रांगेत पेटीच्या कुलपासारखं तोंड मिटून बसले होते. घट खरी नव्हती, वाढ खोटी होती, हे सांगितलं. फरक मी वाटून टाकला हेही सांगितलं, आणि ती सोय कायमची बंद करते आहे असं म्हटलं. मग एकाने टेबलांवर कॅमेरे लावायची सूचना केली. दुसऱ्याने, एकमेकांच्या ताटात अन्न ठेवायलाच बंदी करावी, असं सुचवलं. रेहानाताई म्हणाल्या, मग मी माझ्या नातवाला भरवायचं कसं, त्याचा अर्ज कोणाकडे करू? विषय पुढच्या सभेवर गेला. एरवी अशा वेळी कोळेकर मास्तर काही तरी बोलून वातावरण हलकं करतात. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. माझ्या ते लक्षात आलं, पण मी त्याचा अर्थ लावला नाही.

पुढच्या गुरुवारी बारा वाजता मी कोठीत बसले होते. सोय बंद केल्यापासून मी रोज बेरीज पाहत होते. मंगळवारी आणि बुधवारी ती थोडी जास्त आली होती, वीस, पंचवीस. नातवंडांना भरवलेले घास असतील म्हणून मी सोडून दिलं. त्या दिवशी साडेबाराला मी पडद्यावरचा आकडा पाहिला. साठ ग्रॅम. जेवढं पातेल्यांतून गेलं होतं त्यापेक्षा साठ ग्रॅम जास्त खाल्लं गेलं होतं.

अर्धी भाकरी.

सगळे ठिपके हिरवे होते.

सगळ्यांचे आलेख एकाखाली एक लावले असते तर दोन मिनिटांत नाव निघालं असतं. माझा हात तिथे गेलाही. सुवीला मोबाईलवर कळायला नको, असं आई म्हणाली होती. मी हात मागे घेतला, खिडकी उघडली आणि गोदामात पाहिलं. बावीस टेबलं. रेहानाताई नातवाला घास भरवत होत्या. आप्पा पातेल्यामागे उभे राहून वाढत होते. कोणी लोणचं मागत होतं. आणि मधल्या रांगेत मास्तर एका हाताने हवेत काही तरी दाखवत गोष्ट रंगवून सांगत होते, आणि दुसऱ्या हाताने ताटातली आणखी अर्धी भाकरी उचलून विजूकाकूंच्या ताटात ठेवत होते. चार भाकऱ्यांचा माणूस. विजूकाकू वर न पाहता खात होत्या.

मी माझं ताट वाढून घेतलं. आप्पांनी पिठलं घालताना माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग मी जिकडे पाहत होते तिकडे पाहिलं. पळी त्यांच्या हातात तशीच राहिली.

मी मास्तरांच्या समोरची खुर्ची ओढली.

"आज कोठीवाल्या बाई आमच्यात?" मास्तर म्हणाले. "आमचं काही चुकलं का?"

"एकटीला जेवायचा कंटाळा आला."

त्यांनी गोष्ट पुन्हा सुरू केली. शाळेतल्या तपासणीची, मी तीनदा ऐकलेली. मी ऐकत राहिले. ते बोलत होते तोवर त्यांना घास घ्यावा लागत नव्हता. गोष्ट संपली. कोणी हसलं नाही. त्यांनी पिठल्यातला भात बोटांनी सारखा केला, पुन्हा सारखा केला.

"मास्तर," मी म्हटलं, "भाकरी अडकते का?"

त्यांनी हसायला तोंड उघडलं. विजूकाकूंचा हात ताटात थांबला. त्यांच्या बोटांत त्या अर्ध्या भाकरीचा तुकडा होता. तो त्यांनी तोंडात घातला नाही, ताटाच्या कडेला ठेवला.

"संक्रांतीपासून," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी तोंड मिटलं. मी दिवस मोजले. सतराच झाले होते.